चाळीस डोमेनचे नूतनीकरण करण्यापूर्वी

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा, की गेल्या वर्षभरात तुम्ही पुढे विकण्यासाठी ४० डोमेन, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यांची नावे, घेतली. त्यांत १६ डॉट कॉम, १० डॉट इन, ५ देवनागरी डॉट भारत आणि ९ नव्या एक्स्टेन्शनची (एक्स्टेन्शन म्हणजे नावातला डॉटनंतरचा भाग) आहेत. एकालाही ऑफर आलेली नाही, पुढच्या महिन्यापासून नूतनीकरणाची बिले सुरू होतील, दोन नावांत एका प्रसिद्ध वाहन कंपनीचे नाव आहे म्हणून त्या कंपनीला स्वतःच मेल करावा का असे तुम्ही विचारता, आणि शिवाय ‘फराळ’ असलेल्या नावावर दिवाळीच्या पदार्थांचे ऑनलाइन दुकान काढायचे मनात आहे. मी चौदा वर्षे हा व्यवहार करतो आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो : फराळाचे नाव ठेवा, त्याखेरीज फार तर सहा-सात ठेवा, आणि बाकीची मुदत संपली की जाऊ द्या.

हे कठोर वाटेल, म्हणून हिशेब मांडतो. सरासरी १,२०० रुपये धरले तरी ४० नावांचे वर्षाला ४८,००० रुपये होतात. या व्यवसायातले लोक साधारणपणे असे धरून चालतात, की विक्रीला लावलेल्या नावांपैकी वर्षाला एक-दोन टक्केच विकली जातात, आणि तेही संग्रह चांगला असेल तर. नवख्याने एक टक्काच धरावा. म्हणजे तुमचे एक नाव विकले जायला सरासरी अडीच वर्षे लागतील आणि तोवर नूतनीकरणापायी १,२०,००० रुपये गेलेले असतील. विक्रीच्या मंचाने २० टक्के कमिशन कापले, तर ते एकच नाव दीड लाखाला गेले तरी तुमचे केवळ मुद्दल निघते. आता यादी समोर घ्या आणि प्रत्येक नावापुढे, दीड लाख रुपये देऊ शकेल असा ग्राहक कोणत्या धंद्यातला असेल, हे लिहा. ‘कोणीतरी स्टार्टअप’ हे उत्तर धरू नका. ‘नागपुरात संत्र्याची रोपे विकणाऱ्या दहा-बारा रोपवाटिका’ हे उत्तर चालेल. जिथे रकाना कोरा राहील ते नाव सोडावे. २०१९ मध्ये व्हॉइस डॉट कॉम तीन कोटी डॉलरना विकले गेले ही बातमी आपण सगळ्यांनी वाचली आहे. पण ते इंग्रजीतला एक साधा, सर्वांना ठाऊक असलेला शब्द होते आणि विकणारी मायक्रोस्ट्रॅटेजी ही सॉफ्टवेअर कंपनी ते कित्येक वर्षे बाळगून होती. तसे नाव आज नोंदणीच्या दरात रिकामे पडलेले सापडत नाही.

नव्या एक्स्टेन्शनची नऊ नावे सर्वांत आधी जाऊ द्यावीत. पहिल्या वर्षी शंभर-दोनशे रुपयांत मिळालेल्या अशा नावांचे दुसऱ्या वर्षीचे बिल अनेकदा हजारांत येते. डॉट कॉमचा घाऊक दर, म्हणजे नोंदणी करून देणाऱ्या कंपन्यांना पडणारा दर, किती वाढवता येईल यावर करारानेच मर्यादा आहे. बहुतेक नव्या एक्स्टेन्शनना तशी मर्यादा नाही.

वाहन कंपनीच्या नावाबद्दल : मेल अजिबात करू नका. १९९९ पासून लागू असलेल्या यूडीआरपी या डोमेनविषयक तंटानिवारण धोरणात तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. नाव त्याच्या ट्रेडमार्कशी सारखे किंवा फसवे साम्य असलेले आहे, धारकाला त्या नावावर रास्त हक्क नाही, आणि नोंदणी व वापर दोन्ही वाईट हेतूने झाले आहेत. ट्रेडमार्कच्या मालकाला खर्चापेक्षा जास्त किमतीत विकण्यासाठी नाव घेणे हे वाईट हेतूचे उदाहरण म्हणून त्या धोरणातच दिलेले आहे. म्हणजे तुमचा मेल हाच तुमच्याविरुद्धचा पुरावा ठरेल. नाव नुसते पडून आहे, वेबसाइट काढलेलीच नाही, हा बचावही भरवशाचा नाही, कारण टेलस्ट्रा या ऑस्ट्रेलियन दूरसंचार कंपनीच्या २००० सालच्या प्रकरणापासून काही परिस्थितींत असे पडून राहणेसुद्धा वाईट हेतूचा वापर मानले गेले आहे. डॉट इनसाठी, त्याचा कारभार पाहणाऱ्या निक्सी या संस्थेचे आयएनडीआरपी हे धोरण आहे आणि ते आणखी कडक आहे : तिथे नोंदणी किंवा वापर यांपैकी एकच वाईट हेतूचा ठरला तरी पुरते. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच रेडिफच्या दाव्यात एका अक्षराच्या फरकाने घेतलेल्या नावाला मनाई केली होती. ती दोन नावे विक्रीच्या यादीतून आजच काढा.

डॉट भारतविषयी मला लोभ आहे, म्हणून या मुद्द्यावर माझे बोलणे थोडे सावधपणे ऐकावे. २०१४ साली ते सुरू झाले तेव्हा मीही सात नावे घेतली आणि त्यांतले एकही आजवर विकले गेले नाही. अडचण भाषेची नाही, सवयीची आहे. मराठी माणूस शोधताना देवनागरीत लिहितो किंवा बोलून शोधतो, पण पत्ता मात्र रोमनमध्येच टाइप करतो. त्यातून असा पत्ता काही ठिकाणी चिकटवला की अक्षरांऐवजी ‘एक्स एन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारी अगम्य मालिका उमटते, आणि व्हॉट्सॲपवर ती पाहणाऱ्याला आपल्याला कोणी फसवते आहे असेच वाटते. स्वतःच्या दुकानाला जोडायला एखादे ठेवा. विक्रीसाठी ठेवू नका.

आता दुकान. ‘फराळ’ रोमनमध्ये चार तऱ्हांनी लिहिला जातो : ‘फ’साठी कोणी एफ लिहितो, कोणी पीएच, ‘रा’साठी कोणी एक ए, कोणी दोन. त्याला ‘दिवाळी’ जोडली की ‘व’चे व्ही आणि डब्ल्यू येऊन संख्या दुप्पट होते. पुण्यात किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या पाच नातेवाइकांना फोनवर नाव सांगा, स्पेलिंग सांगू नका, आणि त्यांनी काय टाइप केले ते मागवून घ्या. जे स्पेलिंग जास्त वेळा येईल ते मुख्य, दुसऱ्या क्रमांकाचे रिकामे असेल तर तेही घेऊन मुख्य पत्त्याकडे वळवावे. आणि नोंदणी स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर असू द्या. माझ्या मावसबहिणीच्या पापडाच्या व्यवसायाचे नाव वेबसाइट बनवणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतले होते. पैशांवरून बिनसल्यावर तिला छापून आलेल्या तीन हजार पिशव्यांवर नवा पत्ता चिकटवत बसावे लागले.

जी नावे ठेवाल, त्यांबाबत एक फसवणूक ओळखून ठेवा. परदेशी ‘ग्राहक’ भरघोस किंमत देऊ करतो आणि अमुक ठिकाणाहूनच मूल्यांकनाचे प्रमाणपत्र आणा म्हणतो. तुम्ही प्रमाणपत्राचे पैसे भरलेत की तो गायब होतो. खऱ्या ग्राहकाशी व्यवहार एस्क्रोमार्फत, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या त्रयस्थामार्फत, करा आणि रक्कम एस्क्रोकडे जमा झाल्याची खात्री होईपर्यंत ऑथ कोड, म्हणजे नाव दुसरीकडे हलवायला लागणारा गुप्त संकेतांक, देऊ नका.

सोडायच्या नावांचे ऑटो-रिन्यू आजच बंद करा. मुदत संपल्यावर डॉट कॉम नाव लगेच जात नाही : रजिस्ट्रारकडे, म्हणजे नोंदणी करून देणाऱ्या कंपनीकडे, ते ४५ दिवसांपर्यंत राहू शकते आणि त्यातल्या सुरुवातीच्या काळात सहसा नेहमीच्या दरात परत घेता येते, नंतरच्या ३० दिवसांत सोडवायला भारी दंड पडतो आणि शेवटच्या पाच दिवसांत काहीच करता येत नाही. या काळात मन चलबिचल होईल, तेव्हा यादीतला ग्राहकाचा तो रकाना पुन्हा उघडून पाहा. सुटलेले एखादे नाव दुसऱ्याने उचललेच, तर सहा महिन्यांनी त्या पत्त्यावर काय उभे राहिले आहे ते पाहून तेही त्याच रकान्यात लिहून ठेवा.