बार, जिना आणि दाजी

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं, आठवीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी मिळून एक फिरता बार करणार आहोत. चाकं असलेला, घडीच्या फळीचा, गच्चीवर नेता येईल असा. सागवान घ्यावं की प्लाय? पॉलिश कोणतं? वडिलांना ‘बार’ हा शब्दच खटकतो.
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : लाकडाचं नंतर. आधी टेप घेऊन जिन्याचं वळण मोजा. तीस वर्षं पोरांना सुतारकाम शिकवून मी घरासाठी असाच गाडा केला, आणि तो वळणावर अडकला तो अडकलाच. मेव्हणा खालून म्हणतोय, “दाजी, हितंच मांडा की दुकान!”

म्हणून दोन भाग करा : खाली चाकांची पेटी, वर माथा, मध्ये चार बोल्ट आणि हातानं पिळायचे विंग नट. उभ्यानं ग्लास ठेवायचा तर उंची साडेतीन फूट लागते, ओट्यापेक्षा पाऊण फूट जास्त. एवढं उंच सामान कलंडतं. भरलेली पाऊण लिटरची बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते, डझनभर म्हणजे पंधरा किलो. ते ओझं तळाच्या कप्प्यातच ठेवा. चाकं तीन इंची, दोन तरी ब्रेकची. घडीची फळी उघडली की तिच्यावर कोपर टेकणारा पाहुणा येणारच, तेव्हा बाहेरच्या कडेखाली दुमडता पाय द्या.

पेटीला 18 मिमीचा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय, सागवान फक्त माथ्याला. दिवाळीत लाकूड पावसानं फुगलेलं असतं. उन्हाळ्यात ते रुंदीत आक्रसतं, लांबीत जवळपास नाही. मी माथा खालून स्क्रूनं गच्च आवळला होता. मे महिन्यात मधोमध चीर पडली, रुपयाचं नाणं जाईल एवढी. तुम्ही माथ्याखालच्या आडव्या पट्ट्यांतली भोकं लांबट ठेवा, म्हणजे स्क्रूला सरकायला जागा राहील. तिथं फेव्हिकॉल अजिबात नको. वखारीत ओला माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. आपल्या मिरजेत तंबोऱ्याचा भोपळासुद्धा पुरता वाळल्याशिवाय कारागीर कामाला घेत नाहीत.

लाखेचं पॉलिश सागवानावर फार देखणं दिसतं, मलाही तेच आवडतं. पण ती लाख स्पिरिटमध्ये विरघळवलेली असते. वर कडक दारू सांडली की पुन्हा मऊ होते आणि ग्लास तिथंच चिकटतो. पीयूचे (पॉलीयुरेथेन पॉलिशचे) तीन हात मारा.

प्लाय दुकानातूनच कापून आणा, घरात कटर नको. मात्र आठ बाय चारच्या प्लायमध्ये सगळे तुकडे कसे बसवायचे, ते आलेखाच्या कागदावर मुलाला आखू द्या. पात्याची जाडी प्रत्येक कापाला तीन मिमी खाते, हे मुद्दाम सांगू नका. पहिल्यांदा चुकेल, चुकू दे. मुलीकडे गुण्या (काटकोन तपासायचा) आणि पॉलिश पेपर : आधी खरखरीत 120 नंबरचा, मग 180, मग बारीक 220, लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच.

वडिलांचं म्हणाल, तर तळाच्या कप्प्याला कुलूप बसवा आणि किल्ली त्यांच्याकडे द्या. आमच्याकडे ती सासऱ्यांच्या कडदोऱ्याला असायची. खारे शेंगदाणेही त्याच कप्प्यात, त्यामुळे ते स्वतःच दर रविवारी विचारायचे, “गाडा कधी काढताय?”