ब्लॉगमधून पैसे मिळतात का हो? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मराठीत ब्लॉग कसा सुरू करायचा ते लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आणि मेल आले आणि जवळजवळ सगळ्यांनी फिरून फिरून एकच विचारलंय, यातून पैसे कसे मिळतात. विचारायला लाजायचं काहीच कारण नाही, लिहायला कष्ट पडतात आणि कष्टाचे पैसे मिळायलाच हवेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, मी दोन वर्षांपासून रेसिपीचा ब्लॉग लिहिते. महिन्याला वीसेक हजार वेळा पोस्ट उघडल्या जातात असं दिसतं. गूगलच्या जाहिराती लावल्या तर घरखर्चाला हातभार लागेल का? मिस्टर म्हणतात हा टाइमपास आहे.
— एक गृहिणी, कोल्हापूर

टाइमपास अजिबात नाही ताई, वीस हजार वेळा लोक तुमचं वाचून स्वयंपाकाला लागतात ही साधी गोष्ट नाही. पण नुसत्या गूगलच्या जाहिरातींवर घरखर्च निघायचा नाही, हे आधीच सांगते म्हणजे नंतर हिरमोड नको. हिशोबच करून बघू. समजा हजार वाचनांमागे ४० रुपये मिळाले (हा आकडा फक्त उदाहरणाला घेतलाय, तुमचा वेगळा येईल), तर महिन्याचे झाले ८००. आता अ‍ॅडसेन्स (गूगलची हीच जाहिरातींची सेवा) १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे पाठवतच नाही, म्हणजे साधारण नऊ हजार रुपये धरा, तर पहिला पैसा बँकेत यायला अकरा-बारा महिने जाणार. मराठीला दर कमी मिळतो त्याचं कारण सरळ आहे, प्रत्येक जाहिरातीच्या जागेसाठी मागे लिलाव चालतो आणि मराठी पानांवर बोली लावणारे जाहिरातदार इंग्रजीच्या मानाने थोडे. हिंदीला अ‍ॅडसेन्स २०१४ ला मिळालं, मराठीचा नंबर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी लागला.

तरी लावाच, नुकसान काही नाही. ब्लॉगस्पॉटच्या फुकटच्या पत्त्यावरही चालतं. खात्यात १० डॉलर झाले की गूगल तुमच्या घरच्या पत्त्यावर पोस्टाने एक पिन पाठवतं, साधंसं पाकीट असतं, तेव्हा पोस्टमनकाकांना आधीच सांगून ठेवा आणि पत्ता पिनकोडसकट नीट भरा, कारण चार महिन्यांत तो पिन टाकला नाही तर जाहिराती बंद होतात. आणि पूर्वी क्लिकवर पैसे मिळायचे, २०२४ पासून जाहिरात नुसती दिसली तरी मोजली जाते, त्यामुळे "इथे क्लिक करा" वगैरे लिहायची काही गरज नाही, उलट तसं लिहिणं नियमात बसत नाही.

आता खरी कमाई कुठेय ते सांगते. तुम्ही कोल्हापूरच्या आहात. कांदा-लसूण चटणीचं प्रमाण लोक उन्हाळ्यात शोधतात, मार्च ते मे, एक किलो मिरचीला खोबरं किती, तीळ किती, ब्याडगी किती आणि संकेश्वरी किती, लवंगी घालायची का नाही. ही पोस्ट फेब्रुवारीतच नीट लिहून तयार हवी, कारण गूगलला पान सापडून वर यायला वेळ लागतो, लोक ऐन एप्रिलमध्ये लिहितात आणि मग म्हणतात कुणी वाचत नाही. दिवाळीच्या फराळाचंही तेच, नवरात्राच्या आधी टाकून मोकळं व्हायचं. आणि हे लिहिताना जे कुठल्याच मोठ्या साइटवर मिळत नाही ते द्या, चकली मऊ का पडली, मसाल्याला वर्षभरात जाळी का धरते, अनारशाचं पीठ सैल झालं तर काय करायचं. बाई अडली की तेच शोधते.

आणि मग त्या पानावर जाहिरात गूगलची कशाला, तुमच्या ओळखीच्या कांडपवाल्याची लावा ना! मिरची-मसाल्याचा दुकानदार, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान, केटरिंगवाले. मराठीत दिवाळी अंक १९०९ पासून निघतायत आणि ते बऱ्याच अंशी जाहिरातींवरच उभे राहिले, संपादक स्वतः दुकानोदुकानी जाऊन जाहिरात आणतात, त्यात काही कमीपणा नाही. महिना ५०० रुपये म्हणून चार दुकानं मिळाली तरी गूगलच्या दुपटीहून जास्त झाले, आणि ते रोख, १०० डॉलरची वाट न बघता. मात्र आकडे खरे सांगा, आणि त्यातले कोल्हापूर-सांगली-साताऱ्याचे वाचक किती तेही दाखवा, गूगल अ‍ॅनालिटिक्स हे गूगलचं साधन ब्लॉगला जोडलं की ते अंदाजे कळतं, दुकानदाराला तेवढ्यातच रस असतो. पुढे स्वतःची चटणी विकायची झाली तर आधी एफएसएसएआयची (खाद्यपदार्थ विकायला लागणारी सरकारी) नोंदणी करून घ्या, घरून विकलं तरी ती लागते.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. चौथी-पाचवीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ ब्लॉगवर टाकतो. जाहिराती लावू का? मित्र म्हणतो बायकोच्या नावाने खातं उघड.
— एक शिक्षक, बीड जिल्हा

सर, मित्राचं ऐकू नका. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम आहेत, राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ चे, आणि दोन्हीकडे खाजगी धंद्याला आधी परवानगी हा मुद्दा आहे. अधूनमधून साहित्यिक किंवा शैक्षणिक लेखन करणं ही वेगळी गोष्ट, दर महिन्याला जाहिरातीचं उत्पन्न ही वेगळी. गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत लेखी अर्ज करा, ब्लॉगचा पत्ता द्या, शाळेच्या वेळेबाहेर लिहितो हे नमूद करा, आणि लेखी उत्तर येईपर्यंत जाहिराती लावू नका. लिहिणारे तुम्ही आणि खातं मॅडमचं, असं केलंत तर उद्या कुणी तक्रार केली की तेच तुमच्या विरोधात जाईल. वहिनी स्वतः लिहीत असतील, ब्लॉग खरोखर त्यांचा असेल, तर गोष्ट निराळी. आणि परवानगी मिळो न मिळो ते गणिताचे खेळ बंद करू नका, अशा गोष्टी मराठीत फार कमी आहेत हो, खेड्यातल्या शाळेत एखादी बाई मोबाइलवर बघून दुसऱ्या दिवशी वर्गात वापरते.

ताई मी बारावीला आहे, वय १७. सरकारी भरती आणि योजनांची साइट काढलीय. एआयकडून रोज दहा लेख लिहून घेतो आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मित्रांना अ‍ॅडवर क्लिक करायला सांगणार आहे. महिन्यात किती होतील?
— एक विद्यार्थी, अमरावती

काहीच होणार नाहीत रे, उलट खातं जाईल. पहिलं म्हणजे अ‍ॅडसेन्सला १८ वर्षं पूर्ण लागतात, तोवर आई किंवा बाबांचं खातं आणि त्यांना सगळं माहीत असायला हवं. दुसरं, मित्रांनी क्लिक केलेले गूगलला लगेच कळतात, एकाच गावातून, त्याच त्याच मोबाइलवरून, जाहिरात उघडून दोन सेकंदात बंद, आणि खातं एकदा बंद झालं की परत मिळणं महाकठीण. साठलेले पैसेही जाहिरातदाराला परत जातात. तिसरं, ढिगाने लेख पाडणाऱ्या साइट्सवर गूगलने मार्च २०२४ मध्ये नवीन नियम आणला, माणसाने लिहिलेत की मशीनने यापेक्षा वाचणाऱ्याच्या कामाचं काही नसताना नुसते आकडे फुगवायला लिहिलेत का हे बघतात.

पण मला खरी काळजी दुसरीच वाटते. लाडकी बहीण योजना २०२४ ला आली तेव्हापासून अंतिम तारीख, कागदपत्रं, केवायसी यावर किती पानं निघाली, आणि त्यातली कितीतरी एकमेकांवरून उचललेली, चुकीची. एखादी बाई तुझं वाचून मजुरी बुडवून तालुक्याला जाणार, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभी राहणार, आणि तिथे कळणार की तारीख कधीच वाढली किंवा तो कागद लागतच नव्हता. तिचा तो दिवस कोण भरून देणार? तुला हा विषय घ्यायचाच असेल ना, तर तुझ्या एका जिल्ह्याचा घे. रोज दहा नको, आठवड्याला दोन लिही, प्रत्येक पानावर शासन निर्णयाची तारीख आणि सरकारी साइटची लिंक दे, अंतिम तारीख स्वतः उघडून बघ, बदलली की त्याच दिवशी पान दुरुस्त कर. सेतू केंद्रात कुठला फॉर्म कुठे अडतो ते तिथे जाऊन विचार आणि लिही. असं एक जरी भरवशाचं पान उभं राहिलं तर तुमच्याकडचे क्लासवाले, झेरॉक्सवाले, अभ्यासिकावाले जाहिरात घेऊन तुझ्याकडे येतील. आणि बारावी आहे, हे सगळं परीक्षेनंतर.

ट्रेकिंगवर लिहितो. एका कंपनीने तंबू आणि शूज फुकट पाठवलेत, "छान लिहा" म्हणतात. घेऊ का? टॅक्स लागतो का?
— एक ट्रेकर, पुणे

घ्या, पण दोन अटींवर. पोस्टच्या सुरुवातीलाच, मराठीतच, स्पष्ट लिहायचं की ही वस्तू कंपनीने फुकट दिलीय. जाहिरात क्षेत्राच्या आस्की या संस्थेचे २०२१ पासून तसे नियम आहेत, केंद्राच्या ग्राहक खात्यानेही जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शिका काढली, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तीच चूक केली तर ५० लाखांपर्यंत. दुसरी अट, "छान लिहा" हे मान्य करायचं नाही. तंबूत पाऊस गळला तर गळला असंच लिहायचं, ऐन जुलैत राजगडावर कुणी तुमच्या भरवशावर तो तंबू घेऊन जाणार आहे.

टॅक्सचं असं, एका कंपनीकडून वर्षभरात २०,००० रुपयांच्या वर किमतीच्या वस्तू तुम्ही ठेवून घेतल्या तर १० टक्के टीडीएसचा नियम जुलै २०२२ पासून लागू आहे, परत केल्या तर लागत नाही. ब्लॉगची कमाई पगारासोबत आयटीआर-१ मध्ये बसत नाही, ती व्यवसायाचं उत्पन्न म्हणून दाखवायची, एकदा सीएकडे बसून घ्या. जीएसटीची भानगड सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या वर.

फुकट वस्तूंपेक्षा मी म्हणेन अफिलिएट लिंक लावा (तिच्यावरून कुणी वस्तू घेतली की तुम्हाला कमिशन मिळतं), तुम्ही स्वतः वापरलेल्या बॅग, टॉर्चच्या. अ‍ॅमेझॉनवर पहिल्या १८० दिवसांत निदान तीन विक्री तुमच्या लिंकवरून व्हाव्या लागतात नाहीतर खातं बंद करतात, आणि स्वतःच स्वतःच्या लिंकवरून घेतलेलं धरत नाहीत. लिंकमधून पैसे मिळतात हेही वाचकाला सांगायचं. एक छोटी गोष्ट, पोस्टच्या पत्त्यात किल्ल्याचं नाव रोमन अक्षरांत ठेवा, देवनागरीत ठेवलं की व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक शेपटी होते आणि लोकांना वाटतं व्हायरस आहे.

वर्तमानपत्रात वीस वर्षं सदर लिहिलं, सगळं श्रीलिपीत पडून आहे. त्याचं काही होईल?
— एक निवृत्त वाचक, ठाणे

होईल, काका. आधी ते युनिकोडमध्ये, म्हणजे आज मोबाइल-इंटरनेटवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांत करून घ्या, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधलं जसंच्या तसं टाकलं तर इंटरनेटवर नुसती अगम्य अक्षरं दिसतात आणि शोधून सापडत नाही. कन्व्हर्टर मिळतात पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्याखालून घालावीच लागतील. तुम्ही बाहेरचे लेखक म्हणून लिहीत होतात आणि हक्क लिहून दिले नसतील तर कॉपीराइट तुमचाच, नोकरीत असताना लिहिलं असेल तर आधी पेपरला विचारा. जाहिरातींच्या नादी न लागता विषयवार निवडून ई-बुक करा, ब्लॉगवर थोडे लेख मोफत आणि पूर्ण पुस्तक विकत. जुने वाचक घेतात, मी बघितलंय.

एच-४ व्हिसावर न्यू जर्सीत आहे. ब्लॉगवर जाहिराती चालतील?
— एक वाचक, अमेरिका

लिहा भरपूर, जाहिराती लावू नका. एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर, कामाची परवानगी आपोआप नसते. २०१५ पासून काही जणींना ईएडी (कामाचा परवाना) मिळतं, ते हातात नसेल तर ब्लॉगची कमाईसुद्धा काम धरली जाऊ शकते. तिथल्या इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय एक डॉलरही नको, पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी ते महागात पडेल.

९,९९९ चा ब्लॉगिंग कोर्स आहे, अ‍ॅडसेन्स अ‍ॅप्रूव्हलची गॅरंटी देतात. करू का?
— अनेक जण

नाही. अ‍ॅप्रूव्हल फक्त गूगल देतं, बाहेरचा कुणीही गॅरंटी देऊ शकत नाही, आणि "तयार अ‍ॅप्रूव्ह झालेलं खातं" विकत घेणं तर नियमातच बसत नाही, ते कधीही बंद होईल. कोर्समध्ये जे शिकवतात ते गूगलच्या स्वतःच्या मदत पानांवर फुकट आहे. त्या पैशात स्वतःच्या नावाचा डोमेन घेऊन काही वर्षं चालवता येईल. कुणी आधी पैसे भरले असतील आणि समोरचा आता फोन उचलत नसेल तर लाजून गप्प बसू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा, जितकं लवकर कराल तितके पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त, आणि यूपीआयच्या व्यवहाराचा नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा.