सैंधव, शहाळं आणि बीपीची गोळी

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझ्या सासूबाई 67 वर्षांच्या आहेत, बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे, थोडी शुगर पण आहे. डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा म्हणून आम्ही साधं मीठ बंद करून सैंधव आणलं, तरी वरचं बीपी 150 च्या खाली काही येत नाही. आता नणंदेने लो सोडियम मीठ पाठवलंय, त्यात पोटॅशियम असतं आणि ते बीपीला चांगलं म्हणे. सुरू करू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, नणंदेने पाठवलेला पुडा अजून फोडला नसेल तर तसाच राहू द्या, आधी सासूबाईंची रक्ततपासणी करून घ्या, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते यातून कळतं) आणि पोटॅशियम, दोन्ही. घाई करू नका असं एवढ्यासाठी सांगतेय की टेल्मिसार्टन ही गोळी बीपी उतरवते पण त्याचवेळी लघवीवाटे पोटॅशियम बाहेर जाणं कमी करते, त्यात वय 67 आणि शुगर, म्हणजे किडनी थोडी थकलेली असू शकते आणि ते वरून कळत नाही. लो सोडियम मिठात साध्या मिठाचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. किडनीला ते बाहेर टाकता आलं नाही तर रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, कधीकधी आधी काहीच त्रास न होता. लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यातली कुठलीही गोळी घरात कोणी घेत असेल त्यांनाही हेच सांगणं आहे, कारण मीठ एकट्या सासूबाईंच्या ताटात जात नाही, सगळ्या घराच्या आमटीत पडतं.

आता रिपोर्ट चांगले आले आणि डॉक्टर हो म्हणाले तर मात्र जरूर वापरा, हे मीठ खरंच कामाचं आहे. चीनमध्ये 600 गावांत जवळपास 21 हजार लोकांवर याचा मोठा अभ्यास झाला, 2021 साली छापून आला. आधी पक्षाघात होऊन गेलेले किंवा साठी ओलांडलेले आणि बीपी असलेले लोक होते, निम्म्या गावांना नेहमीचं मीठ आणि निम्म्यांना 75 टक्के साधं आणि 25 टक्के पोटॅशियमवालं, आणि साधारण पाच वर्षांत पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी कमी निघालं. पण गंभीर किडनीविकार असलेल्यांना त्यांनी आधीच बाजूला ठेवलं होतं, हे फॉरवर्डमध्ये कोणी लिहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2025 च्या जानेवारीत या मिठाची शिफारस केली तेव्हाही किडनीचे पेशंट, गरोदर बायका आणि लहान मुलं यांना वगळलंय.

आणि सैंधवाचं म्हणाल तर ते बीपीच्या दृष्टीने मीठच आहे हो. जवळपास सगळंच सोडियम क्लोराईड, बाकीची खनिजं चिमूटभरातली चिमूट. उलट चव जरा सौम्य वाटते म्हणून हात सैल सुटतो, आणि बहुतेक सैंधवात आयोडिन नसतं तो तोटा वेगळाच. म्हणून बीपी हललं नाही यात मला नवल वाटत नाही. उपासापुरतं ठीक आहे, औषध म्हणून नको.

मग करायचं काय, तर किराण्याची यादी काढा आणि महिन्याला मीठ किती लागतं ते बघा. माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा सपाट, हे प्रमाण आहे. चार माणसांच्या घराला महिन्याला 600 ग्रॅम झाले. किलोचा पुडा महिन्यात संपत असेल तर माणशी रोज 8 ग्रॅमच्या वर चाललंय, आणि यात बाहेरची फरसाण, खारी, ब्रेड, नूडल्स धरलेच नाहीत. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं त्याला अडीचने गुणा, 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. पापडखार आणि खायचा सोडा यातही सोडियम असतं, खारट लागत नाही म्हणून लक्षात येत नाही एवढंच.

आपल्याकडे एकाच जेवणात मीठ किती दारांनी येतं बघा, कणकेत, भातात, आमटीत, भाजीत, कोशिंबिरीत, ताकात, वर लोणचं-पापड आणि ताटात डाव्या बाजूला वाढलेलं वेगळं. मी पेशंटना सांगते की आमटी-भाजीला एकदम हात लावू नका, सगळं घर वैतागतं. आधी कणीक आणि भातातलं बंद करा, कोणाला कळतही नाही, मग ताटातलं, मग ताकात मिठाऐवजी जिरेपूड. आमटी-भाजीतलं हळूहळू उतरवा, लिंबू, आमसूल, कढीपत्ता, लसूण जरा पुढे आणा, काही आठवड्यांत जीभ बदलते आणि पूर्वीचंच जेवण खारट लागायला लागतं.

दुसरी बाजू पोटॅशियमची, ती आपण विसरतोच. पोटॅशियम कमी पडलं की किडनी ते वाचवायला बघते आणि त्या नादात सोडियम पण धरून ठेवते, पुरेसं मिळालं की सोडियम लघवीवाटे सोडते, शिवाय रक्तवाहिन्या सैल होतात. दिवसाला साधारण साडेतीन हजार मिलिग्रॅम हवं असं सांगतात आणि ते गोळ्यांनी नाही तर वरण, मटकी, चवळी, पालक, रताळं, केळं, दूध यातून भरायचं. सासूबाईंचा रिपोर्ट नीट असेल तर ताटात उसळ आणि पालेभाजी रोज येऊ द्या. किडनीचा त्रास निघाला तर मात्र हेच पदार्थ मोजून द्यावे लागतात, मग आहारतज्ज्ञांना भेटा. आणि इतकं करूनही आकडा 150 वरच राहिला तर गोळीचा डोस बदलायची गरज असेल, मिठावर ढकलून थांबू नका.

प्रश्न : मला बीपी आहे. रोज एक शहाळं पितो, चालेल ना? आणि खारा बांगडा सोडायचा का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : किडनी चांगली असेल तर शहाळं चालेल, एका शहाळ्यात एखाद्या केळ्याइतकं किंवा त्याहून जास्तच पोटॅशियम मिळतं. पण शहाळं प्यायलं म्हणून खारा बांगडा माफ, असं होत नाही, दोन्ही आकडे वेगवेगळे मोजायचे. ताजा बांगडा मनसोक्त खा, कालवणात मीठ बेताने. खारा खायचाच झाला तर पाणी बदलून भिजवा, तुकडा लहान घ्या आणि त्या दिवशी भात अळणी ठेवा.

प्रश्न : वडील 60 वर्षांचे, शेतात राबतात, बीपीसाठी क्लोरथॅलिडोन आहे. उन्हात घाम येतो म्हणून ते जास्त मीठ खातात, नाहीतर चक्कर येते म्हणतात. बरोबर आहे का?
– एक वाचक, बीड

उत्तर : घामातून मीठ जातं हे खरं, पण शरीर उन्हाला सरावलं की घामातलं मीठ कमी होत जातं, त्यामुळे रोजच्या जेवणातलं मीठ बहुतेकांना पुरतं. तुमच्या वडिलांची चक्कर मात्र मी हलक्यात घेणार नाही. क्लोरथॅलिडोनने लघवीतून सोडियमही जातं आणि पोटॅशियमही, दोन्हीपैकी काहीही खाली गेलं तर थकवा, पायात गोळे, चक्कर येऊ शकते, आणि मीठ खाऊन पोटॅशियम भरून येत नाही, उलट आणखी जातं. चक्कर येते तेव्हाचं बीपी मोजा, बसून आणि उभं राहून दोन्ही, आणि सिरम इलेक्ट्रोलाइट्सची, म्हणजे रक्तातल्या सोडियम-पोटॅशियमची, तपासणी याच आठवड्यात करून घ्या. गोळी मनाने बंद करू नका. पाणी थोडं थोडं प्यायला सांगा, दुपारी 12 ते 3 सावलीत. जुलाब-उलट्या झाल्या तर मात्र ओआरएस लगेच द्या, त्यात मीठ आणि पोटॅशियम दोन्ही मोजून घातलेलं असतं, आणि त्या दिवशी गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टरांना फोन करून विचारा.