बोर्डाच्या कोपऱ्यातला आकडा

प्रश्न : मी सांगलीत आठवीला भूगोल शिकवते. शाळेत आम्हाला एक सर होते, त्यांच्यामुळेच मी भूगोल घेतला. पावसाळ्यात रोज सकाळी कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर जाऊन पाणी किती फुटावर आलंय ते बघून यायचे आणि बोर्डाच्या कोपऱ्यात आकडा लिहायचे, बास, त्यावर एक शब्द नाही, आणि आम्ही अख्खा वर्ग येड्यासारखं त्या आकड्याकडं बघत बसायचो. मलाही विषय तितकाच आवडतो. प्रोजेक्टरवर ॲमेझॉनचे व्हिडिओ दाखवते, जीव तोडून बोलते, तरी पोरं जांभया देतात. माझं काय चुकतंय?
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर : मॅडम, तुमचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, 'एक शब्द नाही'. सर भूगोल भारी आहे असं सांगत नव्हते, ते सकाळी चहाच्या आधी भूगोल करून येत होते आणि पोरांना ते दिसत होतं. आठवीतल्या पोराला एखादी गोष्ट भारी आहे म्हणून सांगितलं की त्याला आधी संशयच येतो (आमच्या घरात एक आहे, अनुभवाचे बोल).

आणि ॲमेझॉन कशाला हो, कृष्णा दारात असताना? 40 फुटाला इशारा, 45 ला धोका, हे सांगलीत पोराटोरांना पण पाठ असतंय. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं त्याच्या गोष्टी घराघरात अजून निघतात. 'आमच्या गल्लीत 43 ला येतं', 'आमच्याकडं 50 शिवाय नाही' असं लोक बोलतात ना, ती समोच्च रेषाच की, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी नकाशावरची रेषा! (पुराच्या पाण्याला थोडा उतार असतो म्हणून तंतोतंत नाही, पण आठवीला चालतंय.) बोर्डावर शहराचा कच्चा नकाशा काढा, ज्याला त्याला आपल्या गल्लीचा आकडा लिहू द्या, सारखे आकडे रेषेनं जोडा आणि व्याख्या मग सांगा. फक्त ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांना बोलायची जबरदस्ती नको.

अजून एक, तुम्हाला स्वतःला ज्याचं उत्तर येत नाही असं काहीतरी वर्गात आणा. कोयना धरणातून सोडलेलं पाणी कराडला कृष्णेत मिळतं, तिथून आपल्या पुलापर्यंत यायला किती तास लागतात? त्यात पुलाच्या खाली हरिपूरला कृष्णेला मिळणारी वारणा तुडुंब असली की कृष्णेचं पाणी मागं तुंबतं, फुगवटा येतो, मग सगळा हिशोब बोंबलतो. 'मला पण नाही माहीत, बघूया' म्हणा, धरणातून किती क्युसेक सोडलं ते पेपरात येतंच, एक वही घाला आणि पोरांसोबत रोज लिहा.

सिलॅबस मागं पडेल ही भीती असेल तर रोज पाचच मिनिटं द्या. पहिले आठ दिवस कुणी ढुंकून बघणार नाही, तरी लिहीत राहा. मग एक दिवस आकडा लिहायला मुद्दाम विसरा आणि मागच्या बेंचवरून कोण ओरडतंय ते मला कळवा.