उंदराची आपसूक वेदना कशी मोजावी

जळगावात औषधशास्त्राच्या संशोधनाला तुम्ही नुकतीच सुरुवात करीत आहात, म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. व्हॉन फ्रे तंतू (ठरावीक जोराला वाकणारे बारीक तंतू) उंदराच्या पंजाला टोचून जे मोजले जाते ती स्पर्शाने चेतवलेली प्रतिक्रिया असते. जुनाट दुखण्याच्या रुग्णाची मुख्य तक्रार मात्र कोणी हात न लावताही होणाऱ्या वेदनेची असते.

चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची उंदरांसाठीची मोजपट्टी 2010 मध्ये आली. तीत डोळे, नाक, गाल, कान आणि मिशा या पाचांना 0 ते 2 गुण देतात. शस्त्रक्रियेनंतरच्या काही तासांसाठी ती उत्तम आहे, पण मज्जातंतूला इजा करून आठवडे उलटलेल्या उंदराचा चेहरा बहुधा शांतच दिसतो, त्यामुळे तेथे 'वेदना नाही' असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका.

त्यासाठी स्थानपसंतीची चाचणी अधिक विश्वासार्ह वाटते: पिंजऱ्याच्या ज्या कप्प्यात वेदनाशामक औषध देऊन वेदना शमली तेथे प्राणी पुढे अधिक वेळ थांबतो. मात्र औषध असे निवडा की निरोगी प्राण्याला त्याची गोडी लागणार नाही. मॉर्फिनने येथे फसगत होते.

नळीतील खडी उकरण्याची चाचणी (दुखत असेल तर प्राणी कमी उकरतो) स्वस्त आहे (तापीकाठची रेती चालेल, असे समजू नका, खडी एकसारख्या आकाराची हवी). मे महिन्यात आपल्याकडे वीज गेली आणि प्राणिगृह तापले, तर उकरणे उष्म्यानेही मंदावू शकते, म्हणून तापमानाची नोंद रोज ठेवा आणि गुण देणाऱ्याला कोणता प्राणी कोणत्या गटातला ते कळू देऊ नका.