जुन्या काळातलं तंबाखूचं दुकान लावताना

भावा, शूटिंगच्या सेटवर 1940 सालचं दुकान लावतोयस, तर आधी पाटी बघ. भाव आण्यात लिही. नवे पैसे 1957 ला आले. पाकिटावर धोक्याची सूचना नको, तो कायदा 1975 चा. माल म्हणून विडीची बंडलं, सुटी तंबाखू. तंबाखूची पेठ निपाणी काय लांब नाही. दाराशी पेटती सुतळी टांग, गिऱ्हाईक तिच्यावरच विडी पेटवायचं. सिगार एखाद्या साहेबाच्याच हातात दे.

खरी गोम सिगारच्या लांबीत! एका शॉटमध्ये अर्धी, पुढच्यात परत अख्खी. एकाच जाडीच्या सात-आठ आण, कमी-जास्त कापून ठेव, प्रत्येक टेकनंतर फोटो काढ. मी एकदा विसरलो, आमचा एडिटर अजून ऐकवतोय. आणि नटाला सांग, धूर तोंडातच खेळव, छातीत ओढू नको.