लीजचा ट्रक, काळी चाकं आणि १,४०० डॉलरचं बिल

प्रश्न : आम्ही मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो. फोर्ड एफ-१५० लीजवर आहे, १४ महिने उरलेत. क्रोमची ग्रिल आणि चंदेरी चाकं मला काळी करून हवीत. दुकानाने चार १८ इंची चाकांच्या पावडर कोटिंगचे ७२० आणि ग्रिल-बंपर रंगवायचे ६८०, असे १,४०० डॉलर सांगितले. क्रेडिट कार्डावर घालून महिना ७० डॉलर फेडीन म्हणतो, व्याज २४ टक्के. नाहीतर सोलून निघणारा रबरी लेप, म्हणजे प्लास्टी डिप, घरीच मारायचा. बायकोचं म्हणणं, लीजच्या गाडीवर दमडी घालू नकोस. पुढे गाडी विकत घेणार की नाही, ते ठरलेलं नाही. पगार वर्षाला ९०,००० डॉलर. ४०१(के)मध्ये, म्हणजे निवृत्तीसाठी पगारातून कापून होणाऱ्या बचतीत, ३ टक्के भरतो, कंपनी ५ टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर घालते.

उत्तर : दुकानाच्या बिलाबद्दल वहिनींचं बरोबर आहे. रबरी लेपाबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे, पण काही अटींवर.

आधी कार्डाचं गणित. १,४०० डॉलरवर २४ टक्के व्याज आणि महिना ७० डॉलरचा हप्ता म्हणजे फेड जवळजवळ २६ महिने चालते आणि व्याजापोटी साधारण ४०० डॉलर जातात. लीज १४ महिन्यांनी संपेल तेव्हा कार्डावर सुमारे ७३० डॉलर बाकी असतील. ट्रक डीलरच्या आवारात आणि त्याच्या चाकांचा हप्ता तुमच्याकडे!

शिवाय पावडर कोटिंगला परतीची वाट नाही. चाकाचा मूळ लेप ब्लास्टिंगने उतरवतात आणि पावडर सुमारे ४०० अंश फॅरनहाइटला भट्टीत भाजतात. काम उत्तम टिकतं, पण चाकं तुमच्या मालकीची नाहीत. परत करताना लीज कंपनीने मूळ रूपातली चाकं मागितली, तर नव्या चार चाकांच्या किमतीपुढे हे ७२० डॉलर किरकोळ वाटतील. करारातलं ‘बदल’ आणि ‘जादा झीज’ हे कलम आजच वाचा. सोलून निघणाऱ्या लेपाचा खरा फायदा तिथे आहे, स्वस्ताईत नाही.

आता लेपाचा खर्च. ११ औंसाचा स्प्रे डबा साधारण १४ डॉलरचा धरा. ट्रकच्या १८ इंची चाकाला दीड डबा लागतो, म्हणजे चार चाकांना सहा. ग्रिलला तीन आणि एक हाताशी ठेवायला, असे दहा डबे, १४० डॉलर. सेंद्रिय वाफा अडवणाऱ्या काडतुसांचा मास्क ३५, डब्याला लावायचं पिस्तुलासारखं हँडल १०, टेप-हातमोजे १५, ग्रीस काढायचं द्रावण २०. मिशिगनचा ६ टक्के विक्रीकर धरून २३३ डॉलर. जॅक स्टँड आणि टॉर्क रेंच शेजाऱ्याकडून मिळतील असं गृहीत धरलंय. विकत घ्यावे लागले तर हिशोब बदलतो. हे पैसे रोख द्यायचे, कार्डावर शिल्लक ठेवून नाही.

यात बंपर घेतलेला नाही, मुद्दाम. सगळ्यांत जास्त माल तो खातो आणि रस्त्यावरच्या दगडांचा आणि हिवाळ्यात टाकलेल्या मिठाचा मारही तोच सोसतो. फेंडरच्या कडा आणि पायदानाचं खरबरीत काळं प्लास्टिक यांवरही हा लेप मारू नका. त्या खाचांत रबर रुतून बसतं आणि नंतर नखाने टोकरत बसावं लागतं. फिकट पडलेल्या प्लास्टिकला ट्रिम रिस्टोररची बाटली पुरते.

पैसे वाया जातात ते बहुधा थर वाचवण्याच्या नादात. दोन-तीन थरांत रंग काळाभोर दिसतो, मन भरतं आणि उरलेले डबे दुकानात परत जातात. पण पातळ लेप सोलताना सलग निघत नाही, स्टिकरसारखे तुकडे पडतात. चाकांवर निदान सहा थर हवेत. पहिला अगदी विरळ, खालचा चंदेरी रंग निम्मा दिसेल असा, पुढचे ओलसर. अंतर सहा ते आठ इंच, दोन थरांत अर्धा तास. शेवटचा थर ओला असतानाच टेप काढायचा, वाळल्यावर काढला तर कड सोबत उचकटते. लेप पातळ राहिलाच असेल, तर सोलण्याआधी वरून आणखी दोन-तीन थर मारून वाळू द्या, मग तो एकसंध निघतो.

चाकं काढूनच काम करा. ब्रेकची भुकटी आणि टायर चकाकवणाऱ्या सिलिकॉनचा अंश राहिला, तर लेप तिथूनच सुटतो. टायर झाकायला पत्त्यांचा जुना कॅट घ्या. एका चाकाला तीसेक पत्ते रिम आणि टायरच्या फटीत खोचले की काम झालं. हवा भरायचा व्हॉल्व्ह झाका. लग नट, म्हणजे चाक गाडीला आवळून धरणारे नट, बसतात त्या खोबणी आणि हबला टेकणारी मागची बाजू कोरडीठाक ठेवा. तिथे रबर राहिलं, तर ते दाबलं जाऊन नट सैल पडतात, आणि हा मुद्दा पैशांचा नाही, जिवाचा आहे. एफ-१५०चे नट १५० फूट-पाउंडला आवळायचे आणि १०० मैलांच्या आत पुन्हा तपासायचे. ग्रिल शक्यतो काढून रंगवा. मागच्या हवेच्या झडपांवर फवारा जाऊ नये, पुढचा कॅमेरा आणि रडार झाकलेले असावेत.

हवा ६० अंश फॅरनहाइटच्या वर आणि कोरडी हवी. मिशिगनमध्ये याचा अर्थ उशिरात उशिरा सप्टेंबर. थंडी आहे म्हणून गॅरेजचं दार लावून फवारू नका. वाफा ज्वालाग्राही असतात आणि अनेक घरांत गॅसचा वॉटर हीटर गॅरेजमध्येच असतो.

वापरताना पेट्रोल आणि प्रेशर वॉशर या दोघांपासून जपा. पेट्रोल लेप विरघळवतं, प्रेशरचा झोत कड उचलतो. टायरच्या दुकानात मशीनवर चढवताना चाकाची कड खरवडली जाणारच, म्हणून त्यासाठी अर्धा डबा राखून ठेवा. चाकांवर हा लेप साधारण एक ते दोन वर्षं नीट दिसतो. तुमच्या १४ महिन्यांना एवढं बास.

आता माझी अट. फवारण्याआधी चारही चाकांचे जवळून फोटो काढा. मूळ क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, कुठे फुगलाय किंवा फुटपाथला घासून उडालाय का, ते पाहा. असल्यास त्या चाकाला हात लावू नका, सोलताना सैल क्लिअर कोट रबरासोबत निघून येतो आणि लीज कंपनी तो तुमच्याच नावावर मांडते.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण पत्रातली सगळ्यांत मोठी रक्कम तीच आहे. ४०१(के)मध्ये आणखी २ टक्के, म्हणजे वर्षाला १,८०० डॉलर भरले, की कंपनी तेवढेच घालेल. ते आज तुम्ही सोडून देताय. कार्डासाठी महिना ७० डॉलर काढायची तयारी होतीच, तर तीच रक्कम आधी इकडे वळवा. भरणा पगारातून करापूर्वी कापला जातो, त्यामुळे हातातला पगार ७० पेक्षा थोडा कमीच घटेल आणि एक टक्क्याच्या जवळपास मजल जाईल. उरलेला टक्का पुढच्या पगारवाढीला.

आजपासून दहाव्या-अकराव्या महिन्यात, म्हणजे लीजचे तीन-चार महिने उरले असताना, करारातली खरेदीची किंमत आणि बाजारभाव शेजारी ठेवून बघा. गाडी ठेवायचं ठरलं, तर ती नावावर झाल्यावर पावडर कोटिंग खुशाल करा, रोखीने. परत द्यायची असेल, तर तपासणीच्या सहा आठवडे आधी एखादा उबदार दिवस गाठा. थंडीत रबर ताणलं न जाता तुटतं. कडेला अंगठ्याने चोळून गुंडाळी उचला, सावकाश ओढा. कोपऱ्यांतले तुकडे डब्ल्यूडी-४०ने निघतात, पण त्या वेळी चाक गाडीवर नको, ब्रेक डिस्कवर तेल जाता कामा नये.